साधा एसी फोनवरून चालवूया

तुमचा एसी वायफायचा नसला तरी काही अडत नाही. रिमोटवर चालणारा कुठलाही एसी होम असिस्टंट या मुक्त सॉफ्टवेअरवर आणता येतो. सुट्टीची एक सकाळ काढा आणि एकही पायरी गाळू नका.

आधी टेबलावर सगळं मांडून घ्या: रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा छोटा संगणक आणि त्याचाच अडॅप्टर, ३२ जीबीचं मेमरी कार्ड, लॅन केबल, रिमोटचे कोड शिकून तेच पाठवणारा ब्रॉडलिंकचा आरएम४ मिनी, त्याच्यासाठी मोबाइलचा ५ व्होल्टचा एखादा जुना चार्जर आणि एसीचा रिमोट. रिमोटमध्ये नवे सेल घाला. आज सगळी भिस्त त्या रिमोटवर आहे.

१. कार्ड लॅपटॉपला लावून रास्पबेरी पाय इमेजर उघडा आणि यादीतून होम असिस्टंट निवडून ते कार्डावर लिहा. कार्डावरचं जुनं सगळं पुसलं जातं, फोटो असतील तर आधी काढून घ्या.

२. कार्ड पायमध्ये घाला.

३. लॅन केबलचं एक टोक पायला आणि दुसरं राउटरला लावा.

४. आता पायचा अडॅप्टर चालू करा आणि वीसेक मिनिटं थांबा. पहिल्या वेळी वेळ लागतोच. मध्येच बंद करू नका.

५. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी अक्षरांत होमअसिस्टंट.लोकल:८१२३ हा पत्ता टाका आणि खातं तयार करा. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा.

६. आरएम४ मिनी एसीच्या समोर, मधे काहीही येणार नाही असा ठेवून चार्जरला लावा. रिमोटचा किरण भिंतीतून जात नाही, जाड पडद्यातूनही नाही.

७. फोनवर ब्रॉडलिंकचं अ‍ॅप घेऊन मिनीला घरच्या वायफायवर आणा. मिनीला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर '५जी' असं लिहिलेलं घेऊ नका.

८. त्याच अ‍ॅपमध्ये मिनीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'लॉक डिव्हाइस' बंद असल्याची खात्री करा. कुलूप राहिलं तर पुढची पायरी हमखास अडते.

९. होम असिस्टंटमध्ये सेटिंग्ज, मग 'डिव्हायसेस अँड सर्व्हिसेस' उघडा. सापडलेल्या उपकरणांत ब्रॉडलिंक दिसेल, त्याच्यापुढचं 'अ‍ॅड' दाबा. दिसलं नाही तर खालच्या 'अ‍ॅड इंटिग्रेशन' बटणातून ब्रॉडलिंक शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: कोड शिकवणं. इथे अर्धा तास गेला तरी चालेल. टीव्हीचा रिमोट दाबलेल्या बटणापुरतंच सांगतो. एसीचा रिमोट मात्र सहसा प्रत्येक वेळी पडद्यावर दिसतं ते सगळं एकदम पाठवतो: मोड, तापमान, पंखा, स्विंग. म्हणून बटण दाबण्याआधी पडदा नीट वाचायची सवय आत्ताच लावा.

१०. रिमोटवर मोड कूल, तापमान २४, पंखा मध्यम असं लावा.

११. रिमोटनेच एसी बंद करा. २४ हा आकडा रिमोटच्या लक्षात राहतो.

१२. होम असिस्टंटमध्ये डेव्हलपर टूल्स उघडून 'अ‍ॅक्शन्स' मध्ये जा. डावीकडच्या पट्टीत नसतील तर सेटिंग्जमध्ये बघा.

१३. 'रिमोट: लर्न कमांड' ही कृती निवडा आणि टार्गेट म्हणून ब्रॉडलिंकचा रिमोट द्या.

१४. डिव्हाइसच्या चौकटीत 'बेडरूमएसी' आणि कमांडच्या चौकटीत 'थंड२४' लिहा. दोन्ही नावं वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या. एका अक्षराचा फरक पडला तरी पुढे कोड सापडत नाही.

१५. 'परफॉर्म अ‍ॅक्शन' दाबा.

१६. रिमोट मिनीकडे रोखून पॉवरचं बटण एकदाच, पटकन दाबून सोडा. तुमच्याकडे ३० सेकंद आहेत, दमाने घ्या. पण बटण दाबून धरू नका.

१७. पायरी १० ते १६ पुन्हा करा, आता तापमान २६ आणि नाव 'थंड२६'.

१८. एसी चालू असताना लर्न कमांड पुन्हा चालवा, नाव 'बंद' द्या आणि पॉवरचं बटण दाबा.

१९. आता 'रिमोट: सेंड कमांड' निवडून तीच डिव्हाइस आणि 'थंड२४' ही कमांड पाठवा. एसी 'टिक' करून सुरू झाला की निम्मं काम झालं! काहीच हललं नाही, तर मिनीचं तोंड जरा फिरवा किंवा तो एसीच्या जवळ आणा.

२०. एसी २४ वर चालू असताना 'थंड२६' पाठवून बघा. तापमान बदललं तर उत्तम. एसी बंद पडला, तर तुमच्या रिमोटचं पॉवरचं बटण चालू-बंद दोन्हींसाठी एकच कोड पाठवतं. मग चालू एसीवर २५ वरून तापमान वाढवायचं बटण दाबून 'थंड२६' नव्याने शिकवा.

२१. 'हेल्पर्स' मध्ये जाऊन 'टॉगल' प्रकारचा एक मदतनीस बनवा, नाव 'एसी चालू'. ही पायरी फालतू वाटली तरी कराच. मिनी फक्त बोलतो, ऐकत नाही. एसी खरंच चालू आहे का, हे त्याला कळत नाही. ती आठवण हा टॉगल ठेवतो.

२२. 'स्क्रिप्ट्स' मध्ये 'एसी लाव' नावाची स्क्रिप्ट करा: आधी 'थंड२४' पाठवायचं, मग टॉगल चालू करायचा.

२३. तशीच 'एसी बंद कर' ही दुसरी स्क्रिप्ट करा: 'बंद' पाठवायचं, टॉगल बंद करायचा.

२४. डॅशबोर्डवर दोन बटणं टाकून त्यांना या दोन स्क्रिप्ट्स जोडा. आजी-आजोबांसाठी नावं मराठीत, मोठी ठेवा. रिमोटही त्यांच्या हाताशी राहू द्या. फक्त तो वापरला की टॉगल बदलायला घरात सगळ्यांना सांगा. लाइट जाऊन आली की टॉगलकडे एकदा नजर टाका.

२५. 'ऑटोमेशन्स' मध्ये रात्री १ वाजता 'थंड२६' पाठवणारं एक ऑटोमेशन करा. त्यात 'एसी चालू' हा टॉगल चालू असेल तरच, अशी अट घाला. अट विसरलात तर जानेवारीच्या थंडीत मध्यरात्री एसी आपोआप सुरू होईल!

२६. त्याच अटीसह, पहाटे ५:३० वाजता 'एसी बंद कर' चालवणारं दुसरं ऑटोमेशन करा. पहाटे गारठून पांघरूण ओढायची वेळ येत नाही, आणि मला या सगळ्या खटाटोपात हेच सर्वात मोलाचं वाटतं.

२७. फोनवर होम असिस्टंटचं अ‍ॅप टाका आणि घरच्या वायफायवर असतानाच त्यात शिरा. बाहेरून वापरता यावं म्हणून राउटरवर ८१२३ हे पोर्ट उघडून ठेवू नका, कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी.

एसी खरोखर चालू आहे का हे टॉगलवर न सोडता पक्कं कळायला हवं असेल, तर वीज मोजणारा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग नंतर जोडता येईल. तो मोजण्यापुरताच वापरा. चालू एसीची वीज प्लगवरून तोडू नका, त्याने कॉम्प्रेसरला त्रास होतो.

२८. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', मग 'बॅकअप्स' उघडून बॅकअप काढा.

२९. तो बॅकअप आणि सोबत मिळणारी इमर्जन्सी किट दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवा. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असेल तर किटमधल्या किल्लीशिवाय तो उघडत नाही, आणि मग कार्ड बिघडलं की पायरी १० पासून रिमोट घेऊन पुन्हा बसावं लागतं.