सातबाऱ्यावर ससा चढत नाही

अगं, परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, रविवारी रानात सशाची पार्टी ठरलीय, धाकट्या दिरानं नवी एअरगन मागवलीय आणि तांबडा-पांढरा रस्सा करायचं काम तुझ्याकडं आलंय. तेव्हा घरात चार माणसं बसलेली, म्हणून मी नुसतं हूं हूं केलं. आज निवांत आहे म्हणून मनातलं बोलते. आधी तू एकटीनं ऐकून घे, मग घरच्यांना तुझ्या पद्धतीनं सांग. दिराच्या तोंडावर एकदम कायदा फेकलास तर तो ऐकायचा नाही, उलट इरेला पेटेल.

तू म्हणालीस, "आमचंच रान हाय, कुणाचं काय जातंय?" सगळी गफलत इथंच आहे. सातबारा काढून बघ. त्यावर जमीन आहे, पीक आहे, विहीर आहे, बांधावरच्या झाडांचीसुद्धा नोंद असेल. ससा कुठं आहे त्यात? वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्याच्या कलम 9 मध्ये शिकारीला मनाई आहे, आणि ती मनाई जंगलापुरती किंवा अभयारण्यापुरती असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. तुझ्या उसाच्या सरीत उभा असलेला ससा आणि दाजीपूरच्या जंगलातला ससा, कायद्याच्या नजरेला दोन्ही सारखेच. आणि मारलेलं जनावर कुणाचं, याचं उत्तर कलम 39 देतं: सरकारचं. रान तुमचं असलं तरी त्यातला मेलेला ससा तुमचा होत नाही.

दीर म्हणेल, आपल्या कोल्हापुरात शिकार म्हणजे परंपरा आहे. आहे की, मी कुठं नाही म्हणते? ज्या शाहू महाराजांनी 1895 साली आमची ही शाहूपुरी पेठ वसवली, ते स्वतः पट्टीचे शिकारी. शिकारीसाठी चित्ते पाळणारं आपलं संस्थान. न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेली जनावरं आपण लहानपणी डोळे फाडून बघितलीत. पण त्याच संस्थानाचं दाजीपूरचं शिकारीचं रान 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. काळ तिथंच फिरला. आणि परवान्याशिवाय कुणीही उठावं नि बार काढावा, असं त्याच्याही आधी उरलं नव्हतं. मुंबई राज्याचा वन्य प्राणी-पक्ष्यांचा कायदा 1951 सालचा आहे.

1972 च्या मूळ कायद्यात तर लहान शिकारीचं वेगळं लायसन्स होतं. कुठलं जनावर लहान शिकारीत धरायचं, त्याची वेगळी यादी होती. आपल्या आजोबांच्या पिढीची माणसं त्याच्याच गोष्टी सांगतात, आणि त्या खोट्या नाहीत. पण 1991 च्या दुरुस्तीनं ती लायसन्सं मोडीत काढली. म्हणजे आज ससा, तितर, लाव्हा मारायचा हौशी परवाना कुठल्याच कचेरीत मिळत नाही. "ओळखीनं काढून देतो" असं कुणी म्हणालं, तर तो तुला फसवतोय असं समज.

आता एअरगनचं. काही एअरगनना परवाना लागत नाही, हे खरं आहे. पण बंदूक बिनपरवान्याची मिळाली म्हणून शिकारही बिनपरवान्याची चालते, असं होत नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत. पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन्स मिळतं, ते शस्त्र कायद्याखाली. ते हातात असलं तरी जनावर मारायची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आणि शिकार म्हणजे नुसता बार नव्हे बरं. फासकी लावली, वाघर बांधली, हाकारा घातला, कुत्री मागं सोडली, विष पेरलं, आमिष ठेवलं, तरी ती शिकारच. नुसता प्रयत्न केला आणि ससा निसटला, तरीही. तुझी पोरं टिटवीची अंडी उचलून आणतात ना, तेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत बसतं. त्यांना आत्ताच समजावून सांग.

शिक्षेचंही सांगते, घाबरवायला नव्हे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्यात अनुसूच्या कमी केल्या आणि दंड वाढवला. ससा आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतात. त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोर, घोरपड, खवल्या मांजर, गवा ही पहिल्या अनुसूचीतली. तिथं कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. रात्री बॅटरीच्या झोतात झुडपात काय हललं, ते ससा होता की घोरपड, हे बार काढल्यावर कळून काय उपयोग? शिवाय गुन्ह्यात वापरलेली बंदूक, जाळं, मोटरसायकल, जीप सगळं जप्त होतं आणि सरकारजमा होऊ शकतं. गाडीचे हप्ते मात्र तुम्हीच भरत बसायचं.

आता तुझ्या अंगाशी येणारी गोष्ट. मी वकिलांकडं टायपिंग करते, म्हणून हे कागद रोज नजरेखालून जातात. पुरुषांना वाटतं, गोळी ज्यानं झाडली त्याचंच नाव येतं. तसं नाही. कलम 52 सांगतं की प्रयत्न करणारा आणि मदत करणारा दोघंही त्याच शिक्षेला पात्र. बॅटरी धरणारा, गाडी चालवणारा, सोलून देणारा, सगळे आले. आणि कलम 57 बाईमाणसानं तर नीट वाचावं. असलं मांस कुणाच्या ताब्यात सापडलं, तर ते बेकायदाच आहे असं कायदा आधी धरून चालतो. तसं नाही, हे ज्याच्या घरात सापडलं त्यानं सिद्ध करायचं. फ्रिज तुझा, पातेलं तुझं, स्वयंपाकघर तुझं. "मला काय ठाऊक, मला वाटलं कोंबडी आहे," हे तिथं चालायचं नाही. शिजवलेल्या मांसाचासुद्धा डीएनए तपासता येतो. असले नमुने हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या प्रयोगशाळेत जातात. आणि दिराला एवढंच विचार, ससा हातात धरून फोटो काढणार, स्टेटसला लावणार, मग वनखात्याला आणखी पुरावा कशाला हवा?

तुझं दुसरंही म्हणणं मला कळतं. पार्टी बाजूला ठेवू, पण डुकरं रात्रीत भुईमूग उकरून टाकतात, उसात लोळतात, तुम्ही वर्षभर राबायचं आणि बघत बसायचं का? बसू नका. पण रस्ता नीट धरा. कलम 11 मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी लेखी परवाना देता येतो. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी महाराष्ट्रात तसे आदेश निघालेत. वनक्षेत्रपालांकडं अर्ज द्यायचा. परवाना मिळालाच तर तो त्या जनावरापुरता, त्या जागेपुरता, त्या मुदतीपुरता. त्याच्या आडून ससे टिपायचे नाहीत. आणि मेलेलं डुक्कर वनखात्याच्या ताब्यात द्यायचं, वाटे घालायचे नाहीत.

एखादं जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं, तर तो गुन्हा ठरत नाही. पण त्यातही एक पाचर आहे. त्या वेळी तुम्ही स्वतःच शिकारीला निघालेले असाल, तर ही सवलत मिळत नाही. जखमी डुक्कर उलटून आलं म्हणून मारलं, हे ऐकून घेतलं जात नाही.

नुकसानभरपाई मात्र सोडू नकोस. रानडुक्कर, गवा, हरीण, आणि चंदगड-आजऱ्याकडं हत्ती, यांनी पीक खाल्लं तर शासन भरपाई देतं. घटना घडल्यापासून तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवायचं. पायाचे ठसे, मोडलेलं पीक यांचे फोटो काढून ठेवायचे, पंचनामा होईपर्यंत रान नांगरून टाकायचं नाही. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक एका पिशवीत तयार ठेव, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. बाकी राखणीचे जुने उपाय आहेतच: माळ्यावर बसून राखण, बुजगावणं, कुत्र्याचा आवाज, बांधाला जुन्या साड्यांचं कुंपण. सौर झटका कुंपणाला श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. तुमच्या गावाचं नाव त्यात बसतं का, वनरक्षकाला विचारून घे.

एका गोष्टीवर मात्र मी हट्ट धरणार. लाइटची जिवंत तार बांधावर सोडायची नाही म्हणजे नाही. शेजारच्या रानात कुणी सोडली असेल तर तिथंही बोल. डुकरासाठी सोडलेल्या तारेवर पहाटे पाणी पाजायला गेलेला माणूस मरतो, गवत आणायला गेलेली बाई मरते, कधी ज्यानं तार लावली तोच मरतो. मग वीजचोरी वेगळी, शिकार वेगळी आणि सदोष मनुष्यवध वेगळा. गावठी बॉम्बचंही तेच. आमिषात गुंडाळलेला गोळा डुक्कर ओळखत नाही, तसा गाईलाही ओळखता येत नाही.

दिराला शिकारीचं वेड आहे म्हणून तो वाईट माणूस ठरत नाही. त्याला बंदुकीचा नेम धरायचाच असेल तर रायफल शूटिंगच्या रेंजवर पाठव. कोल्हापुरात नेमबाजीचं कौतुक करणारी माणसं आहेत. आपली तेजस्विनी सावंत 2010 साली जागतिक अजिंक्यपद घेऊन आली. आपल्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदक मिळवलं. तिथं नेम लागला तर हार घालतात. ससा खायचाच असेल तर पाळीव पांढरा ससा वेगळा, फार्मवरचे जपानी लाव्हे वेगळे. ते विकत आण, पावती घे, पोटभर खा.

घरातल्या पुरुषांना थांबवणं प्रत्येक वेळी आपल्या हातात नसतं, हे मला माहीत आहे. पण चूल आपल्या हातात असते. रानातून मारून आणलेलं जनावर मी सोलणार नाही, शिजवणार नाही, फ्रिजमध्ये ठेवणार नाही, एवढं एकदा शांतपणे सांग आणि त्यावर ठाम राहा. सासूबाईंना आधी आपल्या बाजूला घे, म्हणजे तुझं बळ वाढेल. आणि वनखात्याचा 1926 हा नंबर आजच मोबाईलमध्ये भरून ठेव.

तुझी ताई