रानअळंबीची बीजाणूंपासून पैदास

पावसाळ्यांत वारुळें भिजलीं कीं कोंकणांत व गोव्यांत वारुळाची अळंबी उगवते व चढ्या भावानें विकली जाते. हिचें बीं पेरून ती घरीं पिकवितां येईल काय, असा प्रश्न शेतकऱ्याच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं बीजाणू म्हणजे काय व तो प्रयोगशाळेंत कसा रुजवितात, हें पाहूं.

अळंबी ही वनस्पति नव्हे. बुरशीचें तें फळ होय. खरी बुरशी म्हणजे जमिनींत अथवा लाकडांत पसरलेलें बारीक तंतूंचें जाळें. छत्रीखालच्या पापुद्र्यांवर बीजाणू तयार होतात. सुटा बीजाणू नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं.

ठसा घेणें. लाकडावर उगवणारी धिंगरी जातीची अळंबी अभ्यासास सोयीची. जाणत्याकडून ओळख पटवून ताजी छत्री घ्यावी, देठ कापावा, व पापुद्रे खालीं करून ती निर्जंतुक कांचेवर रात्रभर झांकून ठेवावी. सकाळीं कांचेवर पांढरट ठसा उमटलेला दिसतो. ठशाच्या रंगानें जात ओळखण्यास साहाय्य होतें. परंतु पुष्कळ विषारी जातींचा ठसाही पांढराच असतो, हें विसरूं नये.

रुजविणें. २०० ग्रॅम बटाट्यांचा उकळून काढलेला अर्क, २० ग्रॅम ग्लुकोज व समुद्रशेवाळापासून केलेला २० ग्रॅम अगर यांत पाणी घालून १ लिटर खाद्य करावें. १५ पौंड दाबाखालीं, १२१ अंश सेंटिग्रेडवर, सुमारें २० मिनिटें तें निर्जंतुक करून कांचेच्या बशांत ओतावें. ठशाचा किंचित् अंश निर्जंतुक पाण्यांत मिसळून, तें पाणी वरचेवर पातळ करून, एक थेंब दिव्याच्या ज्योतीजवळ बशींत पसरावा. सुमारें २५ अंशांच्या उबेंत कांहीं दिवसांत पांढरे तंतू दिसूं लागतात. हिरवी वा काळी बुरशी आल्यास ती बशी टाकून द्यावी. प्रत्येक बशीवर तारीख, अळंबी सांपडल्याचें ठिकाण व अनुक्रमांक लिहावा. नोंद नसलेली बशी निरुपयोगी होय.

धिंगरीच्या एकट्या बीजाणूचें जाळें सहसा फळत नाहीं. अनुरूप अशा दुसऱ्या जाळ्याशीं त्याचा मिलाप व्हावा लागतो. म्हणून संतति मूळ अळंबीसारखीच निघेल असें नाहीं. आंब्याच्या कोयीचें व कलमाचें जें अंतर, तेंच येथें आहे. छत्रीच्या आंतील गराचा तुकडा खाद्यावर ठेवून वाढविणें हें कलम. बीजाणू ही कोय. चांगला वाण राखणें असेल तर गर घ्यावा, नवा वाण शोधणें असेल तर बीजाणू घ्यावे. निवडलेलें जाळें उकडलेल्या, निर्जंतुक केलेल्या ज्वारीवर अथवा गव्हावर वाढविलें म्हणजे बियाणें तयार होतें. फ्रान्समध्यें कॉस्टांतँ व मात्रुशो यांनीं १८९४ सालीं बीजाणू रुजवून अळंबीचें शुद्ध बियाणें तयार केलें, तेव्हांपासून या विद्येस बळ आलें.

वारुळाची अळंबी. हिच्या बुरशीचे तंतू बशींत वाढवितां येतात, परंतु शेतकऱ्याच्या हातीं द्यावी अशी फळ आणण्याची खात्रीची रीत अद्याप नाहीं. कारण ही बुरशी वाळवीची शेती आहे. वाळवी पालापाचोळा खाऊन त्याच्या विष्ठेचे पोवळे रचते, त्यांवर ही बुरशी पोसते, परक्या बुरशीस दाबून ठेवते व स्वतः ती खाते. वाळवी गेली कीं पोवळ्यांवर दुसरीच बुरशी माजते.

यास्तव धिंगरीचें बियाणें आणून पेंढ्यावर अवश्य पिकवावी. पण वारुळाच्या अळंबीचें शेत म्हणजे तें वारूळच होय. अळंबी मुळासाठीं खणूं नये, जमिनीलगत तोडावी, आणि कांहीं छत्र्या उमलूं द्याव्या. पुष्कळ जातींत नव्या वारुळांतील वाळवी हे उडालेले बीजाणूच आंत नेते. एकदां फोडलेलें वारूळ कोणतीही प्रयोगशाळा पुन्हां बांधून देणार नाहीं.