आभासी प्रयोगशाळेचे कुंपण

दूरशिक्षणातून संगणक-सुरक्षा शिकवताना विद्यार्थ्याच्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रणालीत दोन आभासी यंत्रे, म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारे संगणक, उभी करण्याची पद्धत आहे: एक चाचणीच्या हत्यारांनी सज्ज असे काली लिनक्स आणि दुसरे मेटास्प्लॉइटेबल २, जे सरावासाठी मुद्दाम दुबळे ठेवलेले असून ज्याचा पासवर्ड जगजाहीर आहे. म्हणून दोहोंना ‘इंटर्नल नेटवर्क’ या जोडणीत कोंडतात; तिच्यात ती परस्परांशी बोलतात, पण इंटरनेटशी किंवा मूळ लॅपटॉपशीही त्यांचा संबंध येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पुस्तिकेत ही जोडणी ठळक अक्षरांत सांगितलेली होती. मात्र तिच्यात आयपी पत्ते, म्हणजे यंत्रांचे जाळ्यातील क्रमांक, एरवीसारखे आपोआप मिळत नसून हाताने द्यावे लागतात, हे लिहायचे राहून गेले. यंत्रांना एकमेकांचा पत्ता लागेना, तेव्हा रात्रपाळीत कार्यालयातच अभ्यास उरकणाऱ्या एका विद्यार्थ्याने कुठल्याशा व्हिडिओवर विसंबून ‘ब्रिज्ड’ जोडणी निवडली, जिच्यामुळे आभासी यंत्र थेट बाहेरच्या जाळ्यात जाऊन बसते. आणि उघडी दारे शोधणाऱ्या एनमॅपने त्याने केलेली पाहणी कार्यालयाच्या सगळ्या जाळ्यावर फिरली. लेखी खुलासा त्याला द्यावा लागला. खरे तर तो पुस्तिकेच्या कर्त्याकडून मागायला हवा होता.

तेव्हा दोन्ही यंत्रे पत्ते आधीच भरून द्यावीत, आणि पहिला स्वाध्याय हल्ल्याचा न ठेवता कुंपणाच्या परीक्षेचा ठेवावा: कालीमधून दुबळ्या यंत्राला पिंग पोहोचला पाहिजे, घरच्या राउटरला पोहोचता कामा नये, आणि या अपयशाचे पडद्यावरील चित्र पाठवल्याखेरीज पुढचा पाठ खुला होऊ नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात वा जाळ्यात शिरणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी टाकते, तर अप्रामाणिक किंवा कपटी हेतू असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही याच स्वाध्यायात यावे.

चार जीबी स्मृतीच्या लॅपटॉपवर दोन यंत्रे रखडतच चालतात. अशांसाठी संस्थेच्या सर्व्हरवर यंत्रे ठेवून अपाची ग्वाकामोलेसारख्या साधनाने ती ब्राउझरमधून उघडून देणे सोयीचे ठरते. कुंपण मग संस्थेच्या हाती राहते, हा लाभ मोठाच; पण ते स्वतः घालण्याचा सराव त्यात बुडतो, म्हणून निदान एक स्वाध्याय तरी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यंत्रावर राखून ठेवावा.