पापणी आत वळली तर

आपल्या नवागामात गल्लीत कुत्री, गच्चीवर मांजर आणि एखाद्या दारात बांधलेली शेळी दिसतेच. त्यांचा डोळा चिकटला की घरात पहिला शोध होतो तो औषधांच्या डब्यातल्या जुन्या थेंबांचा. ते थेंब का टाकू नयेत, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत.

या प्राण्यांना वरची-खालची पापणी असतेच. शिवाय नाकाकडच्या कोपऱ्यात तिसरी पापणी दडलेली असते. ती डोळा पुसते. (आरशात स्वतःच्या डोळ्याचा तोच कोपरा पाहा. तिथली गुलाबी घडी हा आपल्या तिसऱ्या पापणीचा अवशेष आहे.) मांजराच्या दोन्ही डोळ्यांवर हा पडदा पुढे आला, तर दुखणे पुष्कळदा पोटात असते : हगवण, जंत. एकाच डोळ्यावर आला, तर त्या डोळ्याला इजा झाली असावी.

कुत्र्याच्या पिल्लाच्या डोळ्यात कधी लाल गोळी वर येते. ती गाठ नव्हे, तिसऱ्या पापणीतील अश्रुग्रंथी असते. ती कापून टाकली तर डोळा पुढे कोरडा पडू शकतो, म्हणून डॉक्टर ती जागेवर बसवून टाके घालतात.

नवजात कोकरात, क्वचित करडातही, खालची पापणी आत वळलेली असते. तिचे केस पारपटलावर घासतात, डोळा गळतो, पांढरा होतो आणि दुर्लक्ष झाले तर दृष्टी जाते. पहिल्या एक-दोन दिवसांत ध्यानात आले, तर स्वच्छ बोटाने पापणी हलकेच बाहेर ओढून दिवसातून अनेकदा सरळ करावी; कित्येकदा एवढ्याने भागते. नाहीतर डॉक्टर टाका घेतात.

डॉक्टर आधी डोळ्यात फ्लुरोसीन हा रंग घालतात. पारपटलावर जखम असेल तर ती हिरवी चमकते. ही तपासणी महत्त्वाची, कारण लाली चटकन घालवणारे स्टिरॉइडचे थेंब जखमेवर पडले तर जखम भरत नाही, डोळा फुटूही शकतो. डब्यातल्या बाटलीत स्टिरॉइड आहे की नाही, हे घरात कोणी वाचलेले असते? सुरमा, हळद, दूध हेही नको.

पालकांनी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून घाण पुसावी, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यावा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. गल्लीतल्या कुत्र्याला मात्र मुलांनी हात लावू नये, दुखणारे जनावर चावते. त्याच्यासाठी मोठ्यांनी करुणा अ‍ॅम्ब्युलन्सचा १९६२ हा क्रमांक फिरवावा.