मन भटकलं तरी माळ ठेवू नका



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६.

"पहिली माळ छान होते. तिसरीला तोंडात नाम आणि मन ऑफिसात! मग जप करायचा कशाला?" असं म्हणून कितीतरी जण माळ ठेवूनच देतात.

१९४८ साली ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रडारवर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्यांचं लक्ष किती टिकतं, हा प्रश्न होता. घड्याळासारखा काटा एकेक पाऊल सरकायचा. क्वचित दुप्पट उडी मारायचा, तेवढीच टिपायची. दोन तासांच्या पाळीत पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या जास्त निसटू लागल्या. पण अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती असं केल्यावर लक्ष टिकलं.

म्हणजे तेच तेच करताना लक्ष ओसरणं हा मनाचा स्वभावच. त्यावरून आपली भक्ती खोटी ठरत नाही. भगवंतही हेच धरून चालतात : चंचल मन जिथे जाईल, तिथून त्याला परत आणावं. साधना आहे ती परत आणण्यात.

त्यासाठी थांबे हवेत. १०८ मण्यांनंतर मेरुमणी ओलांडत नाहीत, माळ उलटी फिरवतात. तेव्हा क्षणभर मन बघायचं. बोरिवलीहून स्लो लोकलने जाताना मी दर स्टेशनला हेच करतो : कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर... मन भटकलेलं दिसलं, की पुढचं नाम लक्ष देऊन घ्यायचं. मागचा हिशेब नाही.

आज एकच माळ अशी करून बघा.

राम कृष्ण हरी!