अंधाराला सरावलेले डोळे



रात्रीची नजर म्हणजे अगदी मंद उजेडात वस्तू आहे की नाही, तिचा आकार कसा आणि ती हलते आहे का, हे ओळखण्याची डोळ्याची ताकद. भर दुपारच्या उन्हात आणि अमावास्येच्या रात्री केवळ ताऱ्यांकडून मिळणाऱ्या उजेडात सुमारे दहा कोटी पटींचा फरक असतो. माणसाचा डोळा या दोन्ही टोकांना काम करतो. निरोगी माणसाची ही ताकद कोणत्याही काढ्याने, गोळीने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने मुळापेक्षा वाढत नाही. मात्र जी मुळात आहे तिचाही फार थोडा भाग हल्ली वापरला जातो, कारण मोबाइलचा पडदा, हातातली बॅटरी आणि रस्त्यावरचे दिवे डोळ्याला अंधाराशी ओळखच करू देत नाहीत. आकाशदर्शनाला किंवा गडावरच्या रात्रीच्या वाटेला नव्याने लागलेल्या माणसाने नजर वाढवण्याच्या मागे न लागता, ती बिघडते कशाने हे आधी समजून घ्यावे. बहुतेक सगळे खरे उपाय त्यातूनच निघतात.

डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी साठ लाखांच्या आसपास असतात. त्यांना भरपूर उजेड लागतो, आणि रंग व बारीक तपशील त्यांच्यामुळेच कळतात. दंडाकार पेशी दहा-बारा कोटी असतात. त्यांना रंग कळत नाही, अक्षरे वाचता येत नाहीत, पण त्यांची संवेदना विलक्षण असते. सेलिग हेक्ट, सायमन श्लेर आणि मॉरिस पिरेन यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेले प्रयोग १९४२ साली प्रसिद्ध झाले. अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्यातल्या दंडाकार पेशींनी प्रकाशाचे अवघे पाच ते चौदा कण शोषले, तरी माणसाला चमक जाणवते, असे त्यांना आढळले. एवढे नाजूक यंत्र प्रत्येकाच्या कपाळाखाली आहे, आणि ते बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही पूर्ण क्षमतेने चालवले जात नाही, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

दंडाकार पेशींची ताकद ऱ्होडॉप्सिन नावाच्या जांभळट-तांबड्या द्रव्यात असते. फ्रांत्स बोल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली बेडकाच्या दृष्टिपटलाचा हा रंग उजेडात फिका पडताना पाहिला, आणि विल्हेल्म क्यूने याने त्याचा पुढे कसून अभ्यास केला. या द्रव्यात एक प्रथिन असते आणि त्याला अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू जोडलेला असतो. प्रकाश पडला की त्या रेणूचा आकार बदलतो, मेंदूकडे संदेश जातो आणि द्रव्य विटते. ते पुन्हा जुळून यायला वेळ लागतो. जॉर्ज वॉल्ड याने १९३३ साली दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व असल्याचे दाखवले. डोळ्यातल्या दृष्टीच्या प्रक्रियांवरच्या कामासाठी १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत तो होता.

अंधारात शिरल्यावर सर्वांत आधी बाहुली मोठी होते. उजेडात सुमारे दोन मिलिमीटर व्यासाची बाहुली तरुण डोळ्यात सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे आत येणारा प्रकाश फार तर सोळा पट वाढतो. उरलेले सगळे काम रसायनाचे असते, आणि ते सावकाश चालते. पहिल्या आठ-दहा मिनिटांत शंक्वाकार पेशी आपल्या परीने सरावतात आणि तिथेच थांबतात. त्यानंतर दंडाकार पेशी पुढे सरसावतात. पूर्ण सराव व्हायला तीस ते चाळीस मिनिटे लागतात. दहा मिनिटे अंधारात उभे राहून ‘आता दिसायचे तेवढे दिसले’ असे ठरवणारा माणूस खरी रात्र सुरू होण्याआधीच परत फिरतो. म्हणून आकाश पाहायला जाणाऱ्याने निदान अर्धा तास काहीही न पाहता बसण्याची तयारी ठेवावी. त्या अर्ध्या तासात चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, पण दिवा लावू नये.

मिळालेला सराव टिकवणे त्याहून अवघड. चाळीस मिनिटांची कमाई समोरून आलेल्या एका मोटारीच्या दिव्याने काही क्षणांत जाते. मोबाइलचा पडदा तितका प्रखर नसला, तरी पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदा क्षणभर पाहिला तर पुढची काही मिनिटे वाया जातात. दोन डोळे बहुतांशी स्वतंत्रपणे सरावतात, ही येथे फार उपयोगी पडणारी गोष्ट आहे. दिवा लावणे भागच असेल, तर एक डोळा घट्ट मिटून घ्यावा. उजेड गेल्यावर तो उघडला की निम्मी कमाई शाबूत असते. गाडी समोर आली, तंबूत कोणी बॅटरी पेटवली, नकाशा पाहायचा झाला, की मिटलेला डोळा कामी येतो. सवय लागेपर्यंत हे विसरले जाते, म्हणून सुरुवातीला मुद्दाम करावे.

लाल दिव्याची युक्ती याच रसायनावर उभी आहे. दंडाकार पेशींना सर्वांत जास्त कळतो तो निळसर-हिरवा प्रकाश, सुमारे ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीचा. गडद लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे त्याने ऱ्होडॉप्सिन फारसे विटत नाही. विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग याने १९१६ साली क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी लाल काचांचे चश्मे सुचवले. अंधाऱ्या खोलीत जाण्याआधी ते घालून डॉक्टर उजेडातली कामे करत आणि डोळे तोवर सरावत राहत. दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या वैमानिकांनीही तसेच चश्मे वापरले. आज बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या बांधल्या तरी काम भागते. फक्त दिवा लाल असून पुरत नाही, तो मंदही हवा, कारण प्रखर लाल उजेडसुद्धा सराव मोडतो. मोबाइलचा रात्रीचा पिवळसर पडदा म्हणजे लाल दिवा नव्हे. आणि लाल उजेडात नकाशावरच्या लाल रेघा दिसेनाशा होतात, हेही वाट शोधणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

रंगांची ही उलथापालथ संध्याकाळी कोणत्याही परसात पाहता येते. दिवसा झळकणारी तांबडी जास्वंद दिवेलागणीला काळी पडते आणि तिची पाने फुलापेक्षा उजळ दिसू लागतात. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले, म्हणून त्याचेच नाव या बदलाला मिळाले आहे.

यापुढची गोष्ट सरावाने शिकावी लागते, आणि तिच्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच होत नाही. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर, जिथे आपण सरळ रोखून पाहिलेली वस्तू उमटते, तिथे दंडाकार पेशी नसतातच. त्यांची दाटी मध्यापासून पंधरा ते वीस अंशांवर सर्वांत जास्त असते. म्हणून अंधारात जे पाहायचे त्याच्याकडे सरळ पाहू नये, थोडे बाजूला पाहावे. कार्तिकातल्या संध्याकाळी डोक्यावर येणारी देवयानी दीर्घिका ही याची उत्तम पाठशाळा आहे. सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा तो धुरकट ठिपका काळोख्या माळावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो, पण रोखून पाहिले की विरतो आणि नजर किंचित बाजूला नेली की पुन्हा उमलतो. कृत्तिकांचेही तसेच: कडेच्या नजरेने जास्त चांदण्या मोजता येतात. दुर्बिणीला उजवा डोळा लावणाऱ्याने पाहायच्या वस्तूच्या किंचित उजवीकडे नजर ठेवावी, डावा लावणाऱ्याने डावीकडे. उलट केल्यास वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या अंधबिंदूजवळ पडण्याची शक्यता असते. लग्नात दाखवली जाणारी अरुंधती मात्र वेगळ्या जातीची परीक्षा आहे. वसिष्ठापासून ती सुटी दिसणे ही नजरेच्या बारकाव्याची कसोटी होय. ती उतरलेला माणूस काळोखात चांगला पाहीलच असे नाही.

रात्री चालताना नजर एका जागी खिळवू नये. मंद वस्तूकडे टक लावली की ती विरून जाते, आणि काळोखातला एकटा दिवा टक लावून पाहिला की तो स्थिर असूनही हलू लागल्याचा भास होतो. असे चालते दिवे कोकणातल्या भुताखेतांच्या गोष्टींत पुष्कळ भेटतात. नजर सावकाश फिरवत, मध्ये मध्ये थांबत पाहावे. एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी: सरावलेली नजर बॅटरीची जागा घेत नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज असते तेव्हा बांधावरून पाणी द्यायला जाणाऱ्याला मण्यार किंवा घोणस दिसेल अशी आशा कोणत्याही नजरेकडून करू नये. पावलापुढे उजेड, पायात बूट आणि हातात काठी हवीच. अंधारातल्या नजरेचा आनंद बसल्या जागी घ्यावा, सापाच्या वाटेवर नव्हे.

रात्रीच्या नजरेची तयारी दिवसाच होते. दिवसभर समुद्रकिनाऱ्यावर, बर्फात किंवा उघड्या माळावर कडक उन्हात डोळे उघडे राहिले, तर त्या रात्री सरावायला जास्त वेळ लागतो, आणि हा परिणाम दुसऱ्या दिवशीपर्यंतही रेंगाळू शकतो. रात्री आकाश पाहायचे असेल त्या दिवशी रुंद काठाची टोपी आणि चांगला गडद चश्मा वापरावा. तंबाखूचा धूर रक्तातला प्राणवायू अडवतो, आणि दृष्टिपटलाची प्राणवायूची भूक अंधारात वाढलेली असते. हिमालयातल्या उंचीवर हवा विरळ असल्याने नजर मंदावते, तीही याच कारणाने.

आता आहार. रातांधळेपणा हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे अगदी सुरुवातीचे लक्षण आहे. ऱ्होडॉप्सिन बनवायला माल नसेल तर ते विटल्यावर पुन्हा जुळणार कशातून? सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर बोकडाचे काळीज सांगितले आहे. प्राचीन इजिप्त आणि ग्रीसमध्येही यकृतच देत. अ जीवनसत्त्व यकृतात साठते हे कळण्याच्या कितीतरी आधी केवळ निरीक्षणातून माणसे योग्य उपायापर्यंत पोहोचली होती. गरोदरपणात गरज वाढते, म्हणून दिवेलागणीनंतर ठेचकाळू लागलेल्या गरोदर बाईची तक्रार घरातल्यांनी थकवा म्हणून उडवून लावू नये. गोवर आणि वारंवारचे जुलाब लहान मुलांमधला साठा झपाट्याने संपवतात. कमतरता वाढत गेली तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ डाग येतात, बुबुळ कोरडे पडते आणि अखेर कायमचे अंधत्व येते. भारतात १९७० पासून बालकांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख युनिटांचा पहिला आणि त्यानंतर पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिटांचा. अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात मिळणारा हा चमचाभर डोस चुकवू नये.

घरच्या ताटात हा माल महाग नाही. शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी, पालक, अळू, अशा हिरव्या पालेभाज्या, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई आणि आंबा यांत कॅरोटिन असते, आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. दूध, लोणी, तूप, अंड्याचा बलक आणि काळीज यांत ते तयार मिळते. कॅरोटिन स्निग्धाबरोबरच नीट शोषले जाते, म्हणून तेलाची फोडणी दिलेली परतलेली भाजी किसलेल्या कच्च्या गाजरापेक्षा सरस. जस्त कमी असेल तर यकृतातले जीवनसत्त्व डोळ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ते डाळी, तीळ, दाणे व मांसमच्छीतून मिळते.

मात्र पोट भरलेल्या माणसाने गाजरे खाऊन मांजरीची नजर मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक गाजरे खाऊन रात्री जर्मन विमाने पाडतात, अशी बातमी पसरली. खरे श्रेय विमानात बसवलेल्या रडारचे होते, आणि जॉन कनिंगहॅम या वैमानिकाला मिळालेले ‘मांजरडोळ्या’ हे नाव त्या रडारवर पांघरूण घालायला सोयीचे ठरले. जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे तर धोक्याचे आहे. अ जीवनसत्त्व शरीराबाहेर सहज जात नाही, जास्त झाले तर यकृत बिघडते आणि गर्भाला व्यंग येऊ शकते. भाजीतल्या कॅरोटिनने हा धोका नसतो. फार झाले तर कातडी पिवळसर दिसते.

रात्री गाडी चालवणाऱ्याला पिवळ्या काचांचे चश्मे विकले जातात. ते घेऊ नयेत. कोणतीही रंगीत काच उजेड वाढवत नाही, कमीच करते. काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवावी, गाडीतले दिवे मंद करावेत आणि समोरून झोत आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पट्टीवर ठेवावी.

आहार नीट, सराव पुरेसा आणि तरीही काळोखात चाचपडावे लागत असेल, तर घरगुती उपाय तिथेच सोडून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लघुदृष्टीचा चुकीचा नंबर, मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने झालेला दृष्टिपटलाचा बिघाड, यांपैकी काहीही कारण असू शकते. साठीनंतर बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, त्यामुळे थोडा फरक वयाचाही असतो. तरुणाला लहानपणापासून रात्री कमी दिसत असेल आणि कडेची नजर हळूहळू आत आत मिटत असेल, तर रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकाराची तपासणी करून घ्यावी. यात दंडाकार पेशीच झिजत जातात. नात्यात, आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या घराण्यांत तो अधिक आढळतो. अशा घरात एकाला त्रास असेल तर भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत, आणि तपासणीला जाताना नात्यातल्या कोणाकोणाला रात्री कमी दिसे याची माहिती विचारून सोबत न्यावी.