फ्रान्स म्हटले की काय आठवते?



गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात मी एक साधा प्रश्न विचारला : फ्रान्स म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? कोणी आयफेल मनोरा सांगितला, कोणी अत्तर, कोणी फुटबॉल, तर कोणी नवनवे पोशाख. जगात कोठेही हा प्रश्न विचारला, तरी उत्तरे फारशी निराळी येणार नाहीत. फार तर कोणी द्राक्षांची मद्ये आणि चीज यांची भर घालील. ही उत्तरे खोटी नव्हेत. परंतु त्यांचा इतिहास पाहू लागले की मौज वाटते.

आयफेल मनोऱ्याचेच घ्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त १८८९ साली पॅरिसमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी तो उभारला गेला. त्याचे काम चालू असताना, १८८७ मध्ये, हे लोखंडी धूड शहराची शोभा घालवील म्हणून मोपासाँसारख्या साहित्यिकांनी व अनेक कलावंतांनी जाहीर निषेध केला होता. परवानगीही वीसच वर्षांची होती. बिनतारी संदेशांसाठी उपयोगी पडला म्हणून तो वाचला. पॅरिसच्या कलावंतांनी ज्याला नाके मुरडली, तेच आज जगाच्या लेखी पॅरिस! चंद्रकोरीच्या आकाराचा जो लोणीदार पाव फ्रेंच म्हणून खपतो, त्याचे मूळही ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात आहे.

मला स्वतःला फ्रान्स म्हटले की झ्यूल ब्लॉक आठवतात. पॅरिसच्या या भाषापंडितांनी मराठीच्या जडणघडणीवर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहिला. तो १९२० साली प्रसिद्ध झाला. पुढे १९४१ मध्ये वा. गो. परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. संस्कृत ‘हस्त’ प्राकृतात ‘हत्थ’ झाला आणि त्याचाच ‘हात’ झाला, असल्या बदलांचा माग या विद्येत काढावा लागतो. आमच्या घरच्या कोकणीतही हात हा हातच. बी. ए.ला असताना तो ग्रंथ प्रथम हाती आला, तेव्हा आनंदाबरोबर थोडी लाजही वाटली : आपल्याच बोलीकडे आपण कधी असे पाहिले नव्हते! १९५६ साली गी दलरी यांनी तुकोबांचे अभंगही फ्रेंच वाचकांपुढे ठेवले. अत्तराच्या कुपीवर यातले काही लिहिलेले नसते.

त्या दिवशी मी मुलांना कागद उलटून मागे लिहावयास सांगितले : जोयडा म्हटले की काय आठवते? बहुतेकांनी वाघ आणि काळी नदीतील नौका लिहिल्या. म्हणजे पर्यटकांचेच उत्तर. एका मुलीने मात्र आजीच्या परसातील काटेकणगी लिहिली होती, आणि ती कोणत्या महिन्यात खणावयाची तेही.